रोगाशी झुंजणारे मन

(प्लेगवरील लस शोधून काढणारे शास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांचे चरित्र या पाठात थोडक्यात सांगितले आहे. साथीच्या काळात लोकांचे प्राण वाचवणाऱ्या माणसांच्या मनावर केवढा ताण पडतो आणि समाजाने त्यांच्याशी कसे वागावे, याचा विचार हा पाठ वाचताना तुम्ही करा.)

विद्यार्थी मित्रांनो, मुंबईच्या परळ भागात एक जुनी, भव्य इमारत आहे. एके काळी तेथे मुंबईचे गव्हर्नर राहत असत. आज ती इमारत ‘हाफकिन संस्था’ या नावाने ओळखली जाते. हे नाव ऐकून हाफकिन हे कोणी इंग्रज अधिकारी असावेत, असे तुम्हांला वाटेल. पण ते इंग्रज नव्हते आणि अधिकारी म्हणूनही भारतात आले नव्हते. ते रशियातून आलेले एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी लाखो भारतीयांचे प्राण वाचवले. मात्र हे काम करताना त्यांच्या मनाला ज्या जखमा झाल्या, त्या पूर्णपणे कधीच भरून आल्या नाहीत. त्यांची ही गोष्ट आहे.

वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेन देशात आहे. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. मेचनिकॉफ नावाचे थोर शास्त्रज्ञ त्यांचे गुरू होते. त्या काळी रशियात ज्यू लोकांवर फार अन्याय होत असे. हाफकिन हुशार होते, परंतु ज्यू असल्यामुळे त्यांना विद्यापीठात प्राध्यापक होता येईना. धर्म बदलला तर नोकरीचा मार्ग मोकळा होणार होता. त्यांनी त्याला नकार दिला. शेवटी त्यांनी मायदेश सोडला. १८८९ मध्ये ते पॅरिसला आले. तेथील प्रसिद्ध पाश्चर संस्थेत तेव्हा फक्त ग्रंथपालाची जागा रिकामी होती. हाफकिन यांनी ती आनंदाने स्वीकारली. ते ग्रंथालयाचे काम सांभाळत आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसून जंतूंचा अभ्यास करत.

तेथेच त्यांनी कॉलऱ्यावरची लस तयार केली. लस म्हणजे काय, हे तुम्हांला माहीत आहे. रोगाचे मेलेले किंवा दुर्बळ केलेले जंतू शरीरात टोचले, की शरीर त्या रोगाशी लढायला शिकते. पुढे खरा रोग आला, तर शरीर त्याला तोंड देऊ शकते. परंतु नवी लस प्रथम कोणाला टोचायची, हा मोठा प्रश्न असतो. हाफकिन यांनी तो सोपा करून टाकला. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःलाच टोचून घेतली.

कॉलऱ्याने त्या वेळी भारतात दरवर्षी असंख्य माणसे मरत असत. म्हणून १८९३ मध्ये हाफकिन भारतात आले. पुढच्या वर्षी कलकत्त्यातील कट्टल बागान नावाच्या वस्तीत कॉलरा पसरला. तेथील सुमारे २०० लोकांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतर त्या वस्तीत जे लोक आजारी पडले, ते सर्व लस न घेतलेले होते. ही बातमी पसरली आणि लोकांचा विश्वास वाढला. सुमारे अडीच वर्षांत हाफकिन यांनी ४० हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. या धावपळीत त्यांना मलेरिया झाला आणि विश्रांतीसाठी युरोपात परतावे लागले. प्रकृती थोडी सुधारताच १८९६ मध्ये ते पुन्हा भारतात आले.

त्याच वर्षी मुंबईवर मोठे संकट कोसळले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना काही रोगी विचित्र तापाने आजारी असलेले आढळले. त्यांच्या जांघेत किंवा काखेत गाठी आल्या होत्या. डॉ. व्हिएगस यांनी रोग ओळखला. तो प्लेग होता. उर्दूत तुम्ही ज्याला ताऊन म्हणता, तोच हा रोग. १८९४ मध्ये तो हाँगकाँगमध्ये पसरला होता आणि तेथून जगातील अनेक बंदरांपर्यंत पोहोचला. भारतात या साथीने पुढील काही दशकांत एक कोटीहून अधिक बळी घेतले.

मुंबईत हाहाकार उडाला. लाखो लोक शहर सोडून गेले. हा रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे रोग्याजवळ जाणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या आणि परिचारिकेच्या मनात भीती असे. आज आपण ज्याची सेवा करत आहोत, त्याचाच रोग उद्या आपल्याला जडला तर? ही भीती खोटी नव्हती. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. त्यांना तोच रोग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

डॉक्टरांपुढे आणखी एक संकट होते. सरकारने रोगाला आळा घालण्यासाठी कडक उपाय योजले. घरे तपासली जात, सामान जाळले जाई, रोग्यांना जबरदस्तीने रुग्णालयात नेले जाई. लोकांच्या रीतिरिवाजांचा, स्त्रियांच्या पडद्याचा विचार केला जात नसे. त्यामुळे लोक संतापले होते. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, अशी अफवा घरोघरी पसरली. ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडच्या रुग्णालयावर जमावाने हल्लाही केला. लोकांचा राग सरकारच्या जुलमावर होता, पण तो सोसावा लागला रुग्णालयात काम करणाऱ्यांना. ज्यांना वाचवायचे, त्यांनाच आपली भीती वाटते, हे पाहून त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करा.

अशा वेळी सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून मुंबईला बोलावून घेतले. भायखळ्याला जे. जे. रुग्णालयाशेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज आहे. तेथे त्यांना एक लहानशी खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन नवशिके मदतनीस होते. एवढ्या तुटपुंज्या साधनांनी त्यांना साऱ्या शहराला छळणाऱ्या रोगावर लस शोधायची होती.

हाफकिन यांनी लस कशी तयार केली, ते ऐकण्यासारखे आहे. मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढवायचे होते. त्यांनी त्या अर्कावर तुपाचे थेंब टाकले. होय, आपल्या स्वयंपाकघरातले साधे तूप! थेंब अर्कावर तरंगत राहत आणि त्यांच्या खालच्या बाजूला जंतू वाढून लोंबू लागत. गुहेच्या छतावरून जसे दगडी झुंबर लोंबते, तसे ते दिसत. मग बाटली हलवायची, म्हणजे जंतू खाली पडत आणि त्यांच्या जागी नवे वाढू लागत. असे अनेक दिवस चाले. शेवटी ठरावीक उष्णता देऊन सर्व जंतू मारायचे, की लस तयार होई. एकही जंतू जिवंत राहिला, तर लस घेणाऱ्याच्या जिवाला धोका होता. बाटली हाताळताना थोडी जरी चूक झाली, तरी हाताळणाऱ्याचा जीव जाण्याची भीती होती.

हे काम तीन महिने अखंड चालले. बाहेर रोज प्रेतयात्रा निघत होत्या आणि आत बाटल्यांमधून तोच मृत्यू भरून ठेवलेला होता. हा ताण सगळ्यांना झेपला नाही. हाफकिन यांच्या एका मदतनीसाचे मानसिक संतुलन बिघडले. दोघांनी काम सोडून दिले. इतिहासात त्यांचा उल्लेख एका ओळीत येतो. तुम्ही त्यांना भित्रे म्हणाल का? तसे म्हणू नका. जड ओझे उचलून जसे शरीर थकते, तसे भीतीचे आणि काळजीचे ओझे वाहून मनही थकते. पाय मोडला तर आपण त्या माणसाला हसत नाही. मन थकले तर का हसावे? त्या काळी हे कोणी फारसे समजून घेत नसे. थकलेल्या मदतनीसांना विश्रांती देण्याची, त्यांची विचारपूस करण्याची काहीच व्यवस्था नव्हती.

अखेर लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. पुढे लोकांना जेवढी लस टोचत, त्याच्या तिपटीहून अधिक लस त्यांनी घेतली होती. त्यांना जोराचा ताप आला, टोचलेली जागा दुखू लागली. पण काही दिवसांत ते बरे झाले. मग कॉलेजातील काही डॉक्टर व शहरातील काही नागरिक लस घेण्यास पुढे आले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील ज्या कैद्यांनी आपण होऊन लस घेतली, त्यांच्यात रोगाचे प्रमाण लस न घेतलेल्यांपेक्षा खूपच कमी राहिले. लस उपयोगी आहे, हे सिद्ध झाले.

तरीही सामान्य लोकांच्या मनातील शंका जात नव्हती. अशा वेळी खोजा इस्माईली जमातीचे तरुण इमाम तिसरे आगाखान पुढे आले. त्यांचे वय तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते. त्यांनी आपला ‘खुसरू लॉज’ हा बंगला हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी दिला. एवढेच नव्हे, तर त्यांनी लोकांसमोर स्वतःला लस टोचून घेतली. आपल्या इमामाने लस घेतली, हे पाहून हजारो खोजा बांधवांनीही ती घेतली. एकट्या पडलेल्या शास्त्रज्ञाला या तरुणाच्या पाठिंब्यामुळे केवढे बळ मिळाले असेल! विश्वास आणि आधार हेही एक औषधच आहे. रोग्याला त्याची जेवढी गरज असते, तेवढीच वैद्यालाही असते.

१८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर हाउसमध्ये आली. तेथून देशभर लस जाऊ लागली. हाफकिन यांचे नाव सर्वत्र झाले. सरकारने त्यांना किताब दिला. परंतु काही इंग्रज डॉक्टरांना हे खटकत होते. हाफकिन इंग्रज नव्हते, ते ज्यू होते आणि त्यांच्याकडे डॉक्टरकीची पदवीही नव्हती.

मग १९०२ साल उजाडले. पंजाबात प्लेगने थैमान घातले होते. तेथील सरकारने लाखो लोकांना लस टोचण्याचे ठरवले आणि लसीची मोठी मागणी केली. परळच्या प्रयोगशाळेवर कामाचा भार एकदम वाढला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकोवाल नावाच्या गावात १०७ लोकांना लस टोचण्यात आली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. काही दिवसांनी त्यांतील १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस टोचलेली होती. त्याच दिवशी इतर बाटल्यांमधील लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही.

१९ माणसे म्हणजे १९ घरे. त्या घरांतील दुःख फार मोठे होते आणि त्याची चौकशी होणे योग्यच होते. सरकारने चौकशी समिती नेमली. लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी जंतुनाशक कार्बोलिक आम्लाऐवजी केवळ उष्णता वापरण्याची पद्धत सुरू केली होती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हीच पद्धत वापरली जात होती. तरीही समितीने दोष प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते भारत सोडून इंग्लंडला गेले.

त्यांच्या मनाची स्थिती तुम्ही डोळ्यांसमोर आणून पाहा. ज्या माणसाने दोन वेळा आपला जीव धोक्यात घालून लस स्वतःवर तपासली, त्याच्यावरच माणसे मारल्याचा ठपका आला. काम गेले, मान गेला. लग्न केलेले नसल्यामुळे दुःख वाटून घ्यायला स्वतःचे घरही नव्हते. त्यांनी सरकारला वारंवार पत्रे लिहिली, पुरावे मांडले. अशी चार वर्षे गेली. या काळात प्लेगने लोक मरतच होते आणि त्यावरची लस शोधणारा माणूस आपले नाव स्वच्छ करण्यासाठी झगडत होता.

हळूहळू सत्य पुढे आले. मलकोवालला ती बाटली उघडताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो पुरेसा शुद्ध न करताच त्याने बाटलीचे बूच काढले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय, प्रयोगशाळेतच बाटलीत जंतू शिरले असते, तर इतक्या दिवसांत लसीला दुर्गंधी सुटली असती. तशी दुर्गंधी आली नव्हती. त्या मदतनीसानेही हे मुद्दाम केले नव्हते. डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंशी काम करताना क्षणभराची चूकही किती महाग पडते, हेच यावरून दिसते.

मलेरिया डासांमुळे होतो हे शोधणारे, नोबेल पारितोषिक मिळवणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये त्यांनी व इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’ या वृत्तपत्रात पत्र लिहून हाफकिन निर्दोष असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी सरकारने त्यांच्यावरील ठपका दूर केला आणि त्यांना पुन्हा भारतात कामावर घेतले.

पण मुंबईची त्यांची जागा आता दुसऱ्याकडे गेली होती. त्यांना कलकत्त्याला पाठवण्यात आले. तेथे लोकांवर लसीचे प्रयोग करण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. निर्दोष ठरूनही अविश्वास राहिलाच. १९१५ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, प्रकृती खालावलेली असताना ते निवृत्त झाले आणि युरोपात परतले. उरलेले आयुष्य त्यांनी बरेचसे एकांतात, धर्मचिंतनात आणि ज्यू विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला मदत करण्यात घालवले.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत तेथून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा देशोदेशी गेल्या होत्या. हाफकिन यांना ही बातमी कळली. आपल्या आयुष्यातील उत्तम वर्षे मुंबईच्या या कामात गेली, असे त्यांनी संस्थेला कळवले. त्यांच्या मनात मुंबईबद्दल कडवटपणा नव्हता. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान शहरात त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

मित्रांनो, ही गोष्ट जुनी झाली असे समजू नका. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार आणि आशा सेविका दिवसरात्र राबत होत्या. अनेकांना कित्येक दिवस आपल्या मुलांना जवळ घेता आले नाही. डोळ्यांसमोर रोगी दगावताना पाहून अनेकांची झोप उडाली. काहींना तर शेजाऱ्यांनी घरात येऊ दिले नाही. काही ठिकाणी त्यांच्यावर दगडही फेकले गेले. मुंबईच्या प्लेगमुळे १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला होता. त्या कायद्यात डॉक्टरांना व सेवकांना हल्ल्यांपासून संरक्षण देणारे एकही कलम नव्हते. ते २०२० मध्ये घालण्यात आले. म्हणजे एवढे समजायला आपल्याला १२३ वर्षे लागली!

कायदा हल्ला करणाऱ्याला शिक्षा करतो. थकलेल्या मनाला आधार देणे मात्र माणसांचेच काम आहे. कदाचित तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी परिचारिका असेल, कोणी रुग्णवाहिका चालवत असेल. ती व्यक्ती दमून घरी आली, तर तिला दोन शब्द प्रेमाने विचारा. ती गप्प गप्प राहू लागली, झोपेनाशी झाली, तर तिची थट्टा करू नका. मोठ्यांच्या कानावर घाला. मनाच्या दुखण्यावरही उपचार होतात आणि ते घेण्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही. आणि कोणावर आरोप झाला, तर सत्य कळेपर्यंत थांबा. हाफकिन यांच्या बाबतीत ते घडले नाही. त्यांचे नाव इमारतीला देण्यापूर्वी त्यांना आधाराचा हात मिळाला असता, तर त्यांची कितीतरी वर्षे वाया गेली नसती.

शब्दार्थ

ग्रंथपाल – पुस्तकालय सांभाळणारा
तुटपुंजी – अगदी थोडी, अपुरी
अखंड – न थांबता
थैमान घालणे – भयंकर धुमाकूळ घालणे
ठपका – दोष, आरोप
दगावणे – आजारात मरण पावणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) पाश्चर संस्थेत हाफकिन यांना प्रथम कोणते काम मिळाले?
(२) मुंबईतील प्लेग प्रथम कोणी ओळखला?
(३) आगाखान यांनी प्रयोगशाळेसाठी काय दिले?

प्र. २. चार-पाच ओळींत उत्तरे लिहा.
(१) प्लेगच्या साथीत डॉक्टरांच्या मनावर कोणकोणते ताण होते?
(२) मलकोवालच्या घटनेत हाफकिन यांच्यावर अन्याय झाला, असे का म्हणता येईल?

प्र. ३. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा.
हाहाकार उडणे, आळा घालणे, पुढे येणे, कानावर घालणे.

प्र. ४. तुमच्या परिसरातील एखाद्या परिचारिकेला, डॉक्टरांना किंवा आशा सेविकेला भेटा. साथीच्या काळातील त्यांचा अनुभव विचारा आणि तो मराठीत दहा ओळींत लिहा.